थंडीतले शेंगोळे

हुलगा म्हणजे बैलांचा खुराक, म्हणून पाहुण्यांपुढे तो ठेवायला पुष्कळ घरांत संकोच वाटतो. मला तो पटत नाही. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. 2023 हे भरडधान्य वर्ष झाले, भीमाशंकरच्या डोंगरातल्या महादेव कोळी-ठाकर घरांची नाचणी-वरई शहरात मानाची झाली. हुलगा पडला कडधान्य, मागेच राहिला!

महाळुंगे पडवळला यंदा पौषात एके दिवशी घरात तेल दोनच चमचे, खाणारी तोंडे पाच. सासूबाईंनी हुलगे भाजले, मी जात्यावर दळले. पिठात मूठभर ज्वारीचे पीठ, ठेचलेला लसूण, मिरची, जिरे, हळद, मीठ घालून घट्ट मळले. तळहाताला तेलाचे बोट लावून वळकट्या वळल्या, त्यांची कडी केली. उरलेल्या तेलात लसणाची फोडणी, वर पाणी. खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे सोडावेत, नाहीतर ते विरघळतात. शिजताना रस आपोआप दाटतो. वेगळी आमटी लागत नाही, सरपण वाचते.

उरलेले शेंगोळे रात्रभरात रस पितात. सकाळी थोडे गरम पाणी घातले की बाजरीच्या शिळ्या भाकरीबरोबर सगळ्यांची न्याहारी होते.