पुडी आणायला कोण जाते?



"जा बाळ, नाक्यावरून एक पुडी घेऊन ये. उरलेल्या पैशांची गोळी घे." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकले आहे. हे लिहिणारे आम्हीही आजोबांच्या पुडीसाठी धावत गेलो आहोत. त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. वडीलधाऱ्यांचे काम ऐकल्याबद्दल उलट शाबासकी मिळे.

तंबाखू वाईट आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पुडीच्या ८५ टक्के भागावर इशारा छापलेला असतो, आणि तरीही पुडी विकली जाते. म्हणून आज आपण वेगळा प्रश्न समजून घेऊ या. मुलाची आणि तंबाखूची पहिली ओळख करून देतो कोण?

मुलांपासून सुरुवात

मुंबईत २००२ साली सलाम बॉम्बे फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिकणाऱ्या, गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये तिने काम सुरू केले. व्यसन जडल्यावर सोडवण्यापेक्षा ते जडूच नये, हा तिचा विचार. साधारण १२-१३ वर्षांचा मुलगा मित्रांच्या आग्रहाला बळी पडतो. त्याला तंबाखूचे तोटे माहीत नसतात असे नाही, पण "नको" म्हणायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. संस्थेने नेमके तेच शिकवायला घेतले. जोडीला खेळ, नाटक, कला आणि लेखन दिले. ज्या मुलाला संध्याकाळी सरावाला जायचे असते, त्याचे पाय टपरीकडे कमी वळतात.

या कामाची खरी गोम पुढेच आहे. मुले नुसती ऐकणारी राहिली नाहीत, बोलणारी झाली. शाळेजवळचे दुकानदार, पोलीस, अधिकारी यांच्यापुढे जाऊन त्यांनी आपले म्हणणे मांडले. पुढे राज्यातील शाळांसाठी तंबाखूमुक्त शाळेचे ११ निकष ठरले, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दारावर फलक असावा, आवारात पुडीचा कागदही सापडू नये, लक्ष ठेवणारी एक व्यक्ती नेमलेली असावी, अशा त्या साध्या गोष्टी आहेत. साध्या असल्या तरी शिक्षकाने स्वतःच्या खिशातली पुडी बाहेर ठेवल्याशिवाय त्या पुऱ्या होत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि तिच्याकडून विकून घेताही येत नाही. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता घराकडे पाहा. आपण लेकराला पुडी आणायला धाडतो, तेव्हा दुकानदाराला कायदा मोडायला आपणच लावतो. शाळेने आखलेली १०० यार्डांची रेघ आपल्या उंबऱ्याशी पुसली जाते.

पुडीचा प्रश्न

२०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले. ओढणारे केवळ ३.८ टक्के होते, तर चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न धुराचा कमी आणि बार भरण्याचा जास्त आहे. त्याचा वास लांब जात नाही, म्हणून तो घरात खपून जातो.

चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन लवकर सुटते आणि गालाच्या आतून थेट रक्तात जाते. गालात दाबलेला तो गोळा तिथली त्वचा रोज जाळत असतो. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही, तिनेही कर्करोग होतो. आणि आमच्या माता-भगिनींना विशेष सांगावेसे वाटते की मिश्री हे दंतमंजन नव्हे. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि गरोदरपणात तिचा अपाय पोटातल्या बाळालाही होतो.

महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणे, उभी धरलेली तीन बोटे तोंडात न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखतच नाही.

सोडू पाहणाऱ्याच्या पाठीशी

निकोटीनची सवय शरीराला जडलेली असते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, लक्ष लागत नाही. अशा वेळी "तुला जमायचं नाही" हे टोमणे घरातून मिळाले, तर माणूस पुन्हा चंचीकडे वळतो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पाणी द्या, बोलत राहा, चार पावले सोबत चाला. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत सेवा सल्ला देते. एकदा सुटून पुन्हा लागली, तर तो पराभव समजू नका. पुष्कळांना दोन-चारदा प्रयत्न करावा लागतो.

आपल्या धर्मग्रामात

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये निर्णय घेऊन २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री बंद केली. त्या विक्रीतून उत्पन्न मिळत होते, तरीही लोकांच्या आरोग्याला बाधणाऱ्या व्यवहारात आपला वाटा नको, अशी भूमिका तेव्हा मांडली गेली. आपल्याला उत्पन्न सोडायचे नाही, फक्त एक रीत सोडायची आहे. मयताच्या घरी रात्र जागवताना किंवा लग्नाच्या मांडवात तंबाखूचे तबक फिरते. ते बहुधा पोरांच्याच हाती दिलेले असते. पाहुणचार चहानेही होतो.

आजोबांवर आमचा राग नाही. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. आपल्याला मात्र सांगितले गेले आहे.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरात पुडी आणायला कोण जाते?
२. मुलांच्या शाळेपासून सर्वांत जवळची टपरी किती पावलांवर आहे? या आठवड्यात मुलांसोबत चालून मोजा.
३. घरातील कोणी तंबाखू सोडू पाहत असेल, तर पहिल्या आठवड्यात आपण प्रत्येकजण काय करू?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना आधी देऊ द्या.