अर्धांगवायू आणि रक्तातील साखर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकशास्त्रावर लिहावे, हे कित्येकांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे पाहिले, त्याने मला हा विषय अभ्यासायला भाग पाडले.

मी शिकतो साताऱ्यात. गाव सांगलीकडे, तासगाव तालुक्यात. त्या पहाटे आजोबांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. आजोबा मधुमेही. 'साखर उतरली असेल' असे म्हणून मीच त्यांना साखरपाणी पाजले. जोराचा ठसका लागला. 'आता बरे वाटेल' म्हणत दोन तास गेले. अखेर शेजाऱ्यांच्या जीपमधून मिरजेला नेले. तेथे बोटातून रक्त घेऊन पाहिले, तर साखर तीनशेच्या वर! मी मान खाली घातली.

माझे काय चुकले, ते पुढे वाचनातून कळले. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. पण शरीराच्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या भागाचा प्राणवायू तुटतो. प्राणवायूवाचून साखर अर्धवट जळते, आम्ल साचते आणि वाचू शकणाऱ्या पेशीही दगावतात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतात. साखर फार चढलेली असेल, तर त्यानंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. उलट, साखर फार उतरली तरी लक्षणे अर्धांगवायूसारखीच दिसतात. म्हणून इंजेक्शनापूर्वी साखर तपासावीच लागते.

मग इन्शुलिनने साखर झपाट्याने उतरवावी काय? तर्क 'होय' म्हणतो. अनुभव तसे म्हणत नाही. अमेरिकेत ११५१ रुग्णांवर झालेली 'शाइन' चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. एका गटाची साखर ८० ते १३० मध्ये काटेकोर राखली, दुसऱ्याची १८० च्या आत. तीन महिन्यांनंतरची सुधारणा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच! काटेकोर गटातील काहींची साखर मात्र धोकादायक पातळीपर्यंत उतरली. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. म्हणून साधारणतः १४० ते १८० हा मध्यममार्ग डॉक्टर धरतात.

आपले दोन्ही जिल्हे उसाचे. गोडाधोडाचे आपल्याला कौतुक. म्हणून मित्रहो, एवढे ध्यानी ठेवा : तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर घड्याळ पाहा. घरी यंत्र असल्यास साखर तपासा, पण तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

आजोबांना इंजेक्शन वेळेत, पण जेमतेम वेळेत मिळाले. आता ते काठी टेकीत द्राक्षबागेपर्यंत जातात. सही मात्र अजून जमत नाही. वाया गेलेले ते दोन तास हाती असते तर जमली असती काय, हा प्रश्न मला सोडत नाही.