टर्कीची दहा पिल्लं: पहिल्या महिन्याचा खर्च

गावच्या घरी टर्की पाळायच्या, पण पिल्लं महिनाभर लालबाग-परळच्या खोलीत सांभाळून मग कोकणात न्यायची, असा बेत असेल तर पिल्लांचा भाव विचारण्याआधी विजेचा हिशेब करा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. एलईडीचा इथे उपयोग नाही, तारेचा पिवळा बल्बच हवा. विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, त्याची चौकशी करा. १०० वॅटचा बल्ब दिवसरात्र लावला की २.४ युनिटं, चार आठवड्यांत ६७. युनिटला ६ रुपये धरले तर चारशे रुपये. मात्र बेस्टचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं. घरचा वापर शंभर युनिटांच्या उंबरठ्यावर असेल, तर ही भर महागड्या टप्प्यात जाते. मे महिन्यात दुपारी बल्ब बंद ठेवता येतो. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडतंय.

पण पिल्लं जास्त मरतात ती भुकेने, तीही खाद्य समोर असताना! टर्कीच्या पिल्लाची नजर सुरुवातीला कमजोर असते आणि खायला शिकायलाही ते वेळ लावतं. आल्याबरोबर प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवा. उथळ भांड्यात रंगीत गोट्या टाका. चमक बघून ती टोचतात आणि पाणी पोटात जातं. खाद्यावर बारीक चिरलेली हिरवी पाल्याची भाजी भुरभुरवा, बोटाने टकटक करा. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांना रोज एक उकडलेलं अंडं आणि लिटरभर पाण्यात १०० मिली दूध, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. मुंबईच्या उकाड्यात ते पाणी लवकर नासतं, सारखं बदला. अंडी-दुधाचे दीडशे रुपये पुरतात.

दहा पिल्लं महिन्याला नऊएक किलो खाद्य खातात. ५० रुपये किलोने साडेचारशे. इथे काटकसर नको: टर्कीला सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, कोंबडीच्या पिल्लांच्या साध्या खाद्यात ती बरीच कमी असतात. तांदळाच्या कण्यांवर तर ही पिल्लं जगवायचं मनातही आणू नका.

खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून फाकतात, गोणपाट घाला. घुशी आणि मांजरांसाठी बारीक जाळी हवीच. जाळी, होल्डर, भांडी धरून सहाशे. पिल्लांची किंमत सोडून एकूण सोळाशे रुपये झाले.

मानमोडीच्या लशीची कुपी मोठ्या कळपाच्या मापाची असते आणि फोडल्यावर टिकत नाही. दहांसाठी ती घेणं परवडत नाही, म्हणून लस दिलेलीच पिल्लं मागा. पिल्लू मेलं तर फेकू नका. बर्फात ठेवून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाची चौकशी करा. ते बैलघोडा हॉस्पिटलच्याच आवारात आहे.

गावी नेल्यावर जुन्या खुराड्यात सोडायचं मात्र टाळा. वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांकडून टर्कीला ‘ब्लॅकहेड’ हा रोग होतो, त्यात यकृतच जातं. कोंबड्या कधी फिरल्या नसतील अशी वेगळी जागा कुंपण घालून घ्यावी लागेल. तो खर्च वरच्या सोळाशेत नाही.