उंचावरचे बाळ

डोंगर चढताना धाप लागते. हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. घटकाभर बसले की धाप जाते. पण काही गावे इतकी उंच आहेत की तिथे नवखा माणूस चार पावले चालला तरी दमतो.

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. लडाखमधले लेह शहर त्याच्या दुपटीहून उंच, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे लोक पिढ्यानपिढ्या शेती करतात, संसार करतात. तिथल्या बायकांनाही दिवस जातात. इतक्या उंचावर पोटातल्या बाळाचे काय होते, ते आज आपण पाहू.

हवेत प्राणवायू असतो. त्यावर आपण जगतो. जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते. समुद्रकाठी एका श्वासात प्राणवायूचे तीन वाटे मिळाले, तर लेहला जेमतेम दोन मिळतात.

पोटातले बाळ स्वतः हवा घेत नाही. आईच्या रक्तातला प्राणवायू वारेत जातो आणि नाळेतून बाळाला पोचतो. बाळंतपणानंतर पडते तीच ही वार. दिवस गेले की गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद होतात. पाट रुंद केला की वाफ्याला पाणी जास्त जाते, तसेच हे. उंचावर हा पाट पुरेसा रुंद होत नाही. त्यात प्राणवायूही कमी. मग बाळाची वाढ मंदावते. दर हजार मीटर उंचीला जन्माचे वजन सरासरी शंभर ग्रॅमने घटते.

अमेरिकेत लेडव्हिल नावाचे गाव सुमारे ३,१०० मीटरवर आहे. तिथली पुष्कळ बाळे अडीच किलोहून कमी भरत. लोकांना वाटे, ही अपुऱ्या दिवसांची असतील. पण १९५७ साली डॉक्टरांनी लिहिले की तसे नाही. दिवस भरूनही बाळे लहानच होती.

तिबेटी लोक हजारो वर्षे उंचावर राहत आले आहेत. त्यांच्या बायकांच्या गर्भाशयाला रक्त जास्त पोचते. म्हणून नव्याने राहायला आलेल्या आयांच्या बाळांपेक्षा त्यांची बाळे सरासरीने वजनदार असतात.

बाळ बारीक झाले की लोक म्हणतात, "आईने नीट खाल्लं नसेल." खाणे महत्त्वाचे आहेच. पण दर वेळी दोष आईचा नसतो. तिथे हवाच कमी पडते.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर सपाटीवर राहतो. आम्हांला याचे काय? तर ऐका. चुलीच्या आणि विडीच्या धुरात एक विषारी वायू असतो. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. अंगात रक्त कमी असले, तरीही प्राणवायू कमीच वाहून नेला जातो. म्हणजे सपाटीवरच्या बाळालाही त्याची उणीव भासू शकते.

डोंगर कोणाला हलवता येत नाही. पण धूर बाहेर काढता येतो. गरोदर बाईजवळ विडी ओढू नये. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिने नेमाने घ्याव्यात. वजन आणि रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावा. उंचावर तर रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो. तोंडावर सूज आली, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कुठेही असा, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

तुमच्या घरात कोणाला दिवस गेले असतील, तर हा पाठ तिला वाचून दाखवा. घरच्या पुरुषांनाही ऐकायला बसवा.