पाने हिरवी असताना कंद हलविताना

श्रीनगर येथे झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेले ट्युलिप उद्यान मार्चअखेरीस व एप्रिलमध्ये पाहून येणारे महाराष्ट्रीय प्रवासी पुष्कळ आहेत. बहर ओसरल्यावर तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. कंदाच्या दृष्टीने महत्त्वाचे कार्य मात्र तेव्हाच सुरू होते.

ट्युलिपचा मूळ कंद फुलासाठी आपला साठा वेचून झिजतो आणि त्याच्याच कुशीत नवे कंद धरतात. त्यांचे पोषण करतात ती फुलानंतरही काही आठवडे हिरवी राहणारी पाने. म्हणून सुकलेले फूल खुडावे, पाने मात्र राखावीत. ती पिवळी पडल्यावर, साधारणतः जूनमध्ये, कंद काढून कोरड्या व हवेशीर जागी ठेवतात. वरून निर्जीव भासणाऱ्या त्या कंदात उन्हाळ्यातच पुढील वर्षाची कळी आकार घेते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावणी होते आणि पुढे दीर्घ थंडी लाभते. ही थंडी आपल्याकडे नाही. हौसेने कंद आणणाऱ्यांची निराशा होते ती त्यामुळेच.

पाने हिरवी असताना कंद उपटल्यास तुटलेली मुळे त्या हंगामात पुन्हा फुटत नाहीत आणि अन्नसंचय थांबतो. कंद मरतोच असे नाही; पण पुढील वर्षी बहुधा पानेच येतात, फूल येत नाही.

हाच नियम आपल्याकडील फुटबॉल लिलीलाही लागू पडतो. मे महिन्याच्या सुमारास तिचा लाल चेंडू फुलतो, पाने पावसाळाभर टिकतात आणि हिवाळ्यात कंद विश्रांती घेतो. प्रस्तुत लेखकाच्या माहितीतील एका शाळेत कुंपणभिंतीसाठी ऐन जुलैत हे कंद उपटण्यात आले. नीटनेटके दिसावे म्हणून पानेही छाटली गेली. पुढील मे महिन्यात मुले रोज वाफा पाहून जात; फूल एकही आले नाही.

बांधकाम थांबविणे नेहमीच शक्य नसते. अशा वेळी कुदळ झाडापासून वीतभर दूर घालून मातीच्या गड्ड्यासह कंद उचलावा, ओल्या गोणपाटात गुंडाळावा व त्याच दिवशी पूर्वीच्याच खोलीवर लावावा. पाने मुळीच कापू नयेत. सवड असेल तर हिवाळ्यापर्यंत थांबणेच श्रेयस्कर. मात्र पाने गळाल्यावर कंदाचा ठाव लागत नाही. त्यासाठी ती हिरवी असतानाच शिक्षकांनी मुलांकडून प्रत्येक कंदापाशी खुंटी रोवून घ्यावी.