संगणक सुरू होताना सेवांचा क्रम

पेरणीपूर्वी नांगरट व्हावी लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र कामांचा क्रम सांगावाच लागतो.

लिनक्स प्रणालीचा संगणक सुरू होताना डिस्क जोडणे, नेटवर्कशी संपर्क साधणे, नोंदींचा संग्रह उघडणे अशा अनेक सेवा कार्यान्वित होतात. जुन्या ‘सिस्टिम फाइव्ह इनिट’ पद्धतीत त्या क्रमांकानुसार एकामागून एक सुरू होत. २०१० साली लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’ पुढे आणले. त्यात शक्य तितक्या सेवा एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे वेळ वाचला. तथापि जो क्रम लिहून दिलेला नाही, तो पाळला जाईलच अशी शाश्वती राहिली नाही.

एखाद्या कार्यालयाच्या नोंदी स्वतंत्र डिस्कवर आहेत असे समजू. ती जोडण्याच्या सूचनेत ‘नोफेल’ हा पर्याय असल्यास प्रणाली तिच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी नोंदणीची सेवा आधी सुरू झाली, तर ती डिस्कसाठी राखलेल्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहू लागते. मागाहून डिस्क जोडली जाते आणि त्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात. नागरिकास दाखला मिळत नाही आणि ठपका कर्मचाऱ्यावर येतो.

येथे कोणतीही सेवा बंद पडलेली दिसत नाही. म्हणून ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने प्रारंभाची नोंदवही उघडावी व डिस्क जोडल्याची वेळ आणि सेवा सुरू झाल्याची वेळ ताडून पाहावी.

उपाय करताना एक भेद ध्यानी ठेवावा. ‘आफ्टर’ केवळ क्रम सांगते. ‘रिक्वायर्स’ केवळ गरज सांगते. बहुधा दोन्ही लागतात. डिस्कच्या बाबतीत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही एकच ओळ दोन्ही कामे करते. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ या आज्ञेने ती सेवेच्या ‘युनिट’ विभागात लिहावी. मग डिस्क जोडली न गेल्यास सेवा सुरूच होत नाही. सेवेपूर्वी काही सेकंद थांबण्याची आज्ञा घालणे हा खरा उपाय नव्हे. एखाद्या दिवशी डिस्कला त्याहून अधिक वेळ लागेल.

झाकलेल्या नोंदी नष्ट झालेल्या नसतात. सेवा थांबवून डिस्क विलग केली की त्या पुन्हा दिसतात. त्यांची प्रत प्रथम सुरक्षित ठेवावी आणि मगच दुरुस्तीस हात घालावा.