सिंक म्हणजे बॅकअप नव्हे : संशोधक डॉक्टरांच्या संदर्भसंग्रहाविषयी

बऱ्हाणपूर-बहादरपुर परिसरात रुग्णसेवा करीत असताना यंत्रमाग कामगारांच्या श्वसनविकारांचा अभ्यास करण्याची ओढ मला लागली. शोधनिबंध, त्यांवरील टिपणे आणि जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने असा संग्रह माझ्या एकाच संगणकावर, ‘झोटेरो’ ह्या विनामूल्य संदर्भ-व्यवस्थापकात, वर्षानुवर्षे साठत आला आहे. आपल्यापैकी अनेकांकडे असा संग्रह असेल. समव्यावसायिक मित्रांशी बोलताना मात्र एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : “माझे सारे सिंक होते, मग निराळा बॅकअप कशाला?” त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दोहोंतील भेद

सिंक म्हणजे दोन ठिकाणच्या संग्रहांत सतत एकरूपता राखणे. बॅकअप म्हणजे विशिष्ट दिवशीची, नंतर न बदलणारी राखीव प्रत. आपल्या गावचा कुंडी भंडारा आठवावा. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास उभारलेल्या ह्या योजनेत सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत नळाने एका कुंडीतून दुसरीत जाते. व्यवस्था अप्रतिम आहे; परंतु वरच्या कुंडीत दूषित द्रव्य शिरल्यास ते खालच्या कुंड्यांतही पोहोचणार, हे डॉक्टरांना सांगावयास नको. सिंकचेही तसेच आहे. संगणकावरील नोंद चुकून पुसली गेली, तर ती दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. झोटेरोच्या कचरापेटीतील नोंदी सामान्यतः ३० दिवसांनी कायमच्या जातात. चूक त्यानंतर ध्यानात आल्यास उपाय उरत नाही. प्रकाशित निबंध पुन्हा मिळविता येतो. समासात लिहिलेले आपले टिपण मात्र जगात दुसरीकडे कोठेही नसते.

पोथ्यांचा दाखला

जुनी, निराळी प्रत किती मोलाची असते हे मराठी वाचकाला नवे नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होत असताना पोथ्यांत अपपाठ शिरले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तीही अनेक हस्तलिखिते परस्परांशी ताडून. एका पोथीत शिरलेली चूक त्याच क्षणी साऱ्या पोथ्यांत उमटली असती, तर मूळ पाठ शोधावयाचा कोठून?

रुग्णालयाचा अनुभव

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीसारखी कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी डिसेंबरमध्ये लोकसभेत सांगितले की, ई-हॉस्पिटलची सारी माहिती हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळविण्यात आली. ती प्रत हल्ल्यापासून दूर राहिली, म्हणूनच ती उपयोगी पडली.

प्रत्यक्ष कृती

झोटेरोचा संग्रह एका फोल्डरमध्ये असतो. त्यातील ‘झोटेरो डॉट एसक्यूलाइट’ ह्या फाइलमध्ये नोंदी व टिपणे असतात, तर ‘स्टोरेज’ फोल्डरमध्ये जोडलेल्या फाइली. प्रथम झोटेरो बंद करावे. मग तो संपूर्ण फोल्डर बाहेरील हार्ड डिस्कवर नवा करून, त्याला त्या दिवसाची तारीख द्यावी. जुनी प्रत लगेच पुसू नये. निदान तीन-चार प्रती मागच्या राहू द्याव्यात. काम होताच डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोहोचतो. दुसरी एक डिस्क दवाखान्याऐवजी घरी ठेवल्यास आग किंवा चोरीपासूनही संरक्षण मिळते.

दोन पथ्ये अवश्य पाळावीत. चालू संग्रहाचा फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नये. त्यामुळे नोंदींची फाइल बिघडू शकते. तसेच जुनी प्रत परत बसविताना प्रथम स्वयंचलित सिंक बंद करावे, अन्यथा झालेली पुसापुशी परत आणलेल्या प्रतीवरही लागू होते.

सिंकचा त्याग करावा असे माझे म्हणणे नाही. घरी आणि दवाखान्यात एकच संग्रह हाताशी राहावा ह्यासाठी ते सोयीचेच आहे. परंतु सोय आणि सुरक्षा ह्या भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी प्रत घ्यावी, आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ज्या रुग्णांच्या व्याधींवर आपण इतकी वर्षे वाचन केले, त्यांच्यासाठी तरी एवढी तसदी आपण घ्यावी, अशी सर्व वाचकमित्रांस विनंती.